उपदेशानंतर मंडळी काय गाईल?

रविवारच्या भक्तीची गीते बहुतेक मंडळ्यांत शनिवारी रात्री ठरतात. पेटीवाला किंवा क्वायरचा प्रमुख ‘उपासना संगीत’ उघडतो, मागच्या रविवारी काय गायले ते आठवतो आणि सगळ्यांना चाल येते अशी चार-पाच गीते काढून क्रमांक लिहून ठेवतो. उपदेश कोणत्या शास्त्रभागावर आहे हे त्याला माहीत नसते. पाळकांनाही गीते कळतात ती सकाळी फळ्यावर क्रमांक लागल्यावर. मग पाळक दुखावणाऱ्याला क्षमा करण्याविषयी बोलतात, मंडळी अंतर्मुख होते, कोणाला दुरावलेला भाऊ आठवतो, कोणाला सून. आणि ‘आमेन’ म्हणताक्षणी ढोलक कडाडते व विजयाचे गीत सुरू होते. गीत वाईट नसते, गाणारेही मनापासून गातात. पण अर्ध्या तासात मनात जे उतरू लागलेले असते ते तीन मिनिटांत पुसले जाते.

हे टाळता येते आणि त्यासाठी संगीताचे मोठे ज्ञान लागत नाही. आठवड्याच्या मध्यावर केलेली थोडी चौकशी आणि गीतांचे शब्द नीट वाचण्याची सवय, एवढ्यावर बरेच काम होते. हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांची भक्ती आहे, कारण माझा वावर तिथला. पण वसईच्या धर्मग्रामांत मिस्सासाठी गायने निवडणाऱ्यांनाही यातले पुष्कळ उपयोगी पडावे.

गीतनिवडीची सर्वांत रुळलेली रीत म्हणजे विषय जुळवणे. उपदेश प्रार्थनेवर आहे ना, मग अनुक्रमणिकेत ‘प्रार्थना’ या मथळ्याखाली पाहायचे आणि ओळखीचे गीत उचलायचे. काहीच न पाहण्यापेक्षा हे बरे. पण एवढ्यावर थांबले तर फसगत होते. लूकच्या अठराव्या अध्यायात प्रार्थनेविषयीचे दोन दाखले लागोपाठ आहेत. पहिल्यात एक विधवा अन्यायी न्यायाधीशाचा पिच्छा सोडत नाही. दुसऱ्यात परुशी आणि जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात. दोन्हींचा विषय प्रार्थनाच. पण पहिल्या दाखल्यावरचा उपदेश ऐकून थकलेल्या माणसाने पुन्हा कंबर कसावी अशी अपेक्षा असते, तर दुसऱ्यानंतर ताठ मानेच्या माणसाने मान खाली घालावी अशी. एकच गीत दोन्हीकडे चालणार नाही. प्रार्थनेचे गोडवे गाणारे गीत तर दोन्हीकडे अपुरे पडेल.

म्हणून विषयाऐवजी उपदेशाची मागणी शोधावी. उपदेश संपतो तेव्हा ऐकणाऱ्याने काय करावे अशी पाळकांची इच्छा आहे? कबुली द्यावी, उपकार आठवावेत, भरवसा ठेवावा, कोणाशी तरी समेट करावा, धीर धरावा, की नुसते रडावे? त्या मागणीला मंडळीने एकमुखाने दिलेले उत्तर म्हणजे उपदेशानंतरचे गीत. हे एक गीत नीट निवडले की बाकीची आपोआप आपापल्या जागी बसू लागतात. म्हणून निवडीची सुरुवात या गीतापासून करावी, भक्तीच्या पहिल्या गीतापासून नव्हे.

उडाऊ पुत्राचा दाखला घ्या. लूक १५ वर उपदेश आहे असे कळताच हात पश्चात्तापाच्या गीताकडे जातो. पाळक धाकट्या मुलाविषयी, त्याच्या भानावर येण्याविषयी आणि परतीच्या वाटेविषयी बोलणार असतील तर ते योग्यच. पण त्याच दाखल्यात बाप आहे. मुलगा दूर असतानाच तो त्याला पाहतो आणि धावत सुटतो. उपदेश बापाविषयी असेल तर मंडळीचे डोळे स्वतःच्या पापावरून उचलून देवाच्या प्रीतीकडे लागायला हवेत. अशा वेळी ‘मी किती वाईट’ असे चार कडव्यांतून म्हणणारे गीत लोकांना पुन्हा स्वतःकडेच वळवते. इथे ज्याच्या प्रत्येक कडव्यात देव काय करतो हे आहे, असे गीत हवे. आणि तिसरा उपदेश थोरल्या भावाचा. तो शेतावरून येतो, घरातले गाणे-बजावणे ऐकतो आणि बाहेरच उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. तो आत गेला की नाही हे लूक सांगत नाही. हा उपदेश असतो जन्मभर चर्चमध्ये वाढलेल्यांना उद्देशून, पहिल्या बाकावर बसणाऱ्यांना उद्देशून. त्यानंतर धाकट्याच्या पश्चात्तापाचे गीत लावले तर थोरले भाऊ दुसऱ्याच्या पापाचे गीत सुखाने गाऊन घरी जातात. इथे मनाचा कठीणपणा विरघळावा म्हणून विनवणारे, नाहीतर उशिरा आलेल्याच्या स्वागताबद्दल देवाचे आभार मानणारे गीत शोधावे. त्या रविवारी प्रभुभोजन असेल तर सर्वांना एका मेजावर बोलावणारे गीत याहून चांगले उत्तर नाही.

उपदेशासाठी गीत ही काही आजची कल्पना नाही. इंग्लंडमधल्या ओल्नी गावी जॉन न्यूटन यांनी १ जानेवारी १७७३ रोजी नववर्षाचा उपदेश केला. तो पहिल्या इतिहासाच्या सतराव्या अध्यायातील दाविदाच्या प्रार्थनेवर होता. आज ‘अमेझिंग ग्रेस’ म्हणून जगभर गायले जाणारे गीत त्या उपदेशाच्या जोडीने रचलेले. दावीद मागे वळून देवाने आपल्याला कुठून कुठे आणले ते पाहतो आणि मग पुढच्या काळाकडे बघतो. गीताचा प्रवासही तसाच मागून पुढे जातो. त्याआधी नॉर्थॅम्प्टनचे फिलिप डॉड्रिज स्वतःच्या उपदेशानंतर गाण्यासाठी गीते लिहीत. लायप्झिगमध्ये १७२३ पासून संगीतकार बाख रविवारच्या शुभवर्तमानाला धरून कँटाटा, म्हणजे वाद्यांच्या साथीने गायच्या रचना, करत. दोन भागांचा कँटाटा असला की पहिला भाग उपदेशाआधी आणि दुसरा नंतर होई.

आपल्याकडे तर याची स्वतःची, पक्की परंपरा आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला मूळ पद घेतात, त्याचे निरूपण होते, मध्ये मध्ये त्याच आशयाची पदे येतात, उत्तररंगात आख्यान लागते आणि शेवटी कीर्तनकार पुन्हा मूळ पदावर येतो. तेव्हा श्रोता तेच शब्द गातो, पण आता ते उमजून गातो. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींनी ही पद्धत उचलली आणि ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी पदे रचली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी या रूपांत मंडळीला स्वतःच्या मातीतली भक्तिगीते दिली. आजही मराठी भक्तीत आपण ती गातो. गाणे वेगळे आणि सांगणे वेगळे अशी फाळणी या लोकांच्या मनात नव्हतीच. ती आपल्या भक्तीत पुढे शिरली. क्वायरचे काम एका वहीत आणि पाळकांचे काम दुसऱ्या वहीत गेले.

कीर्तनातली ही गोष्ट आजच्या भक्तीत सहज आणता येते. उपदेशाचा गाभा ज्यात आहे असे एक ध्रुवपद किंवा एकच कडवे निवडावे आणि शास्त्रपाठाआधी ते एकदा शांतपणे गावे. उपदेशानंतर तेच पद पूर्ण घ्यावे. पाळकांची तयारी असेल तर उपदेशाच्या मध्यावरही एकदा ती ओळ येऊ द्यावी. पेटीवाल्याला फक्त खूण ठरवून द्यावी लागते. वाचता न येणाऱ्या आजीपासून संडे स्कूलच्या पोरांपर्यंत सगळे ती ओळ घरी घेऊन जातात. महिन्यातून एका रविवारी एवढे करून पाहिले तरी फरक कळेल.

आता प्रत्यक्ष कामाकडे. बुधवारपर्यंत पाळकांशी बोलणे व्हायला हवे. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता शास्त्रभाग मागवून भागत नाही, दोन मिनिटे फोन करावाच. बोलणे साधारण असे व्हावे:

‘पाळकसाहेब, रविवारचा शास्त्रपाठ कोणता?’

‘फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, चार ते सात.’

‘म्हणजे आनंदाचा उपदेश?’

‘सुरुवात आनंदाने आहे खरी. पण सध्या आपल्या मंडळीत बऱ्याच घरांत आजारपण आहे. मी भर देणार आहे तो काळजी देवाजवळ बोलून दाखवण्यावर.’

‘मग उपदेश संपल्यावर लोकांनी काय करावं असं तुम्हाला वाटतं?’

‘प्रत्येकाने आपली एक काळजी मनातल्या मनात देवाला सांगावी. थोडी शांतता ठेवीन म्हणतो.’

पहिल्या उत्तरावर थांबलेला क्वायरप्रमुख टाळ्यांचे आनंदगीत काढून ठेवील. शेवटचा प्रश्न विचारणारा एखादे संथ, भार देवावर टाकणारे गीत काढील आणि पेटी कधी सुरू करायची हेही त्याला कळलेले असेल. पाहुणे उपदेशक असतील तर हा फोन आणखी गरजेचा. मोठ्या वक्त्याला विचारायचे कसे म्हणून आपण संकोचतो. उलट बहुतेक उपदेशकांना असे कोणी विचारले की बरेच वाटते.

ज्या मंडळ्यांत वर्षभराचे शास्त्रपाठ ठरलेल्या क्रमाने वाचतात, त्यांचे काम आणखी सोपे आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला आणि अनेक पंथांनी स्वीकारलेला शास्त्रपाठक्रम तीन वर्षांच्या चक्राचा आहे. एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक आणि योहान मध्ये मध्ये. वर्षाची सुरुवात आगमनकालापासून. असा क्रम हाताशी असेल तर पुढच्या तीन महिन्यांचे रविवार एका बैठकीत लिहून काढता येतात आणि नवे गीत कोणत्या आठवड्यात शिकवायचे तेही ठरते. पाळक स्वतःच्या इच्छेने शास्त्रभाग निवडत असतील तर त्यांच्याकडे निदान तीन रविवारांची यादी मागावी.

शास्त्रभाग आणि मागणी कळली की गीते वाचावीत. वाचावीत म्हणजे चालीशिवाय, मोठ्याने. चाल डोक्यात वाजत असली की शब्द कानावरून निसटतात. वर्षानुवर्षे गायलेल्या गीताच्या तिसऱ्या कडव्यात काय आहे हे विचारून पाहा. फार थोड्यांना सांगता येईल. वाचताना पाहायचे ते हे की गीतात कोण कोणाशी बोलते आहे. काही गीतांत आपण देवाशी बोलतो, काहींत एकमेकांशी, काहींत स्वतःच्या मनाशी. स्तोत्रसंहितेत हे तिन्ही प्रकार आहेत. उपदेश कबुलीकडे नेत असेल तर गीत देवाशी बोलणारे हवे. त्या वेळी शेजाऱ्याला ‘चला, उठा’ असे सांगणारे गीत कबुलीतून पळवाट काढून देते. उपदेश मंडळीच्या एकीवर असेल तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ‘मी, माझे, मला’ असलेले गीत, ते कितीही लाडके असले तरी, त्या दिवशी बाजूला ठेवावे.

कडवी गाळण्याबाबतही थोडी काळजी घ्यावी. वेळ नाही म्हणून ‘पहिले, दुसरे आणि शेवटचे’ अशी घोषणा सर्रास होते. पुष्कळ गीते मात्र पायरी-पायरीने चढतात. पहिल्यात संकट, दुसऱ्यात हाक, तिसऱ्यात वधस्तंभ, चौथ्यात भरवसा अशी रचना असेल तर तिसरे गाळल्यावर भरवसा कशाच्या बळावर आला हेच कळत नाही. वेळ कमी असेल तर उपदेशाला लागणारी दोनच कडवी निवडून ती सावकाश गावीत. सगळी कडवी घाईघाईने उरकण्यापेक्षा ते कितीतरी चांगले. मात्र कोणती दोन, हे घरी ठरवून यावे.

भक्तीच्या सुरुवातीची गीते निवडताना एक मोह टाळावा लागतो. उपदेश जिथे पोचणार आहे तिथे आपण आधीच जाऊन बसू नये. भीतीने पछाडलेल्या माणसाला भरवशाकडे नेणारा उपदेश असेल आणि आपण आरंभीच भरवशाची तीन गीते गायली, तर पाळक भीतीविषयी बोलू लागतात तेव्हा ते मागे चालल्यासारखे वाटतात. पहिले गीत देवाच्या थोरवीचे असावे. घरातली गडबड, बस चुकल्याची चिडचिड, मुलांची आवराआवर यांतून आलेल्या लोकांना ते एकत्र आणते. पापकबुलीच्या आसपासचे गीत कबुलीचेच असावे. उपदेशाच्या लगेच आधी ऐकण्यासाठी मन उघडावे असे एखादे लहान पद घ्यावे आणि तेच आगमनकालभर किंवा उपवासकालभर चालू ठेवावे. दर आठवड्याला नवे शोधण्याची गरज नाही. अर्पणाच्या वेळच्या गीताबद्दल फार डोके खपवू नये, ते लहान आणि सर्वांना पाठ असलेले असले की पुरे. शेवटचे गीत मात्र माणसाला दाराबाहेर, सोमवारच्या कामाकडे पाठवणारे हवे. ढोलकाला, टाळ्यांना, तरुणांच्या उत्साहाला तिथे भरपूर जागा आहे.

काही उपदेश गीत निवडणाऱ्याची परीक्षा पाहतात. दुःखाचा उपदेश त्यांतला पहिला. मराठवाड्यात किंवा नगरच्या दुष्काळी पट्ट्यात पाऊस गेलेल्या वर्षी हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायावर उपदेश होतो. झाडाला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात जनावरे नाहीत, तरी संदेष्टा देवाला धरून राहतो. हा अध्याय मुळातच गाण्यासाठी लिहिलेला आहे. शेवटी तंतुवाद्यांवर गाण्याची सूचनासुद्धा आहे. पण इथला आनंद सगळे गमावल्यानंतरचा आहे. टाळ्यांचे गीत लावले तर ज्याने या वर्षी खरोखर गुरे विकली त्याला आपली थट्टा झाल्यासारखे वाटेल. आपल्या संग्रहांत विलापाची गीते थोडी असतात आणि जी असतात ती आपण उत्तम शुक्रवारसाठी राखून ठेवतो. स्तोत्रसंहितेत मात्र विलाप भरपूर आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. पुरेसे गीत सापडले नाही तर तेरावे स्तोत्र एकाने वाचावे आणि प्रत्येक दोन ओळींनंतर मंडळीने एखादे दयायाचनेचे लहान पद म्हणावे. हे पेटीशिवायही होते. शोकाकुल मंडळीत ते फार खोलवर जाते.

दुसरी परीक्षा आमोसची. पाचव्या अध्यायात न्याय न करणाऱ्या लोकांची गीते आणि वीणावादन आपल्याला नको असे देव म्हणतो. या शास्त्रभागावर पाळक रोजंदारी, जातपात, मंडळीतल्या गरिबांची उपेक्षा यांवर बोलले आणि लगेच क्वायर चार आवाजांत सजवलेले गीत गाऊ लागले, तर उपदेश आपल्याच डोळ्यांदेखत विरतो. त्या रविवारी उपदेशानंतर लगेच गाणे नको. एक-दोन मिनिटे शांतता ठेवावी, मग कबुलीची प्रार्थना वाचावी आणि त्यानंतर न्यायासाठी देवाचे साहाय्य मागणारे साधे गीत बसूनच गावे. क्वायरला हे आधी समजावून सांगितले तर कोणी नाराज होत नाही. उलट आपण गप्प का राहतो आहोत हे कळल्याने ते त्या शांततेत सामील होतात.

तिसरी परीक्षा उत्तम शुक्रवारची. दुपारी १२ ते ३, वधस्तंभावरचे सात उद्गार, बहुधा सात वक्ते आणि प्रत्येकामागे एक गीत. तीन तास सगळी गीते एकाच करुण सुरात झाली की चौथ्या उद्गारापर्यंत मंडळी सुन्न होते आणि पुढे काहीच पोचत नाही. उद्गार मात्र एकसारखे नाहीत. पहिल्यात येशू मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो; तिथे आपल्यालाही क्षमा हवी आहे असे म्हणणारे गीत शोभते. दुसरा शेजारच्या चोराशी बोललेला. तिथे आशेला जागा आहे, गीत थोडे उजळ असले तरी चालते. तिसऱ्यात आई आणि शिष्य एकमेकांच्या हवाली होतात. तिथे घराचे, मंडळीच्या नात्याचे गीत घ्यावे. चौथा उद्गार बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा, टाकून दिल्याचा. इथे शक्यतो गाऊच नये. गायचेच तर एका आवाजात, वाद्याविना, एकच कडवे. पुनरुत्थानाकडे नजर लावणारे गीत या ठिकाणी हमखास निवडले जाते, कारण तो अंधार आपल्याला सोसवत नाही. तो सोसू द्यावा. पाचवा तहानेचा, लहान पद पुरे. सहावा उद्गार काम पुरे झाल्याचा, त्यात हार नाही, म्हणून इथे सूर चढू द्यावा आणि मंडळीने उभे राहून गावे. सातव्यात लेकरू बापाच्या हाती स्वतःला सोपवते. तिथे रात्रीच्या प्रार्थनेसारखे शांत गीत घ्यावे. सातही ठिकाणी पूर्ण गीते घेतली तर वक्त्यांचा वेळ जातो. एक-दोन कडव्यांवर थांबावे आणि सातही वक्त्यांना गीतांची यादी आधी द्यावी.

आदल्या गुरुवारबद्दल एवढेच सांगतो की, शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे गेले असे मत्तय नोंदवतो. वल्हांडणाच्या प्रथेप्रमाणे ते ११३ ते ११८ या स्तोत्रांपैकी असावे. त्या रात्रीच्या उपदेशानंतर यांपैकी एक स्तोत्र गाऊन मंडळीने न बोलता बाहेर पडावे. वेगळ्या समारोपाच्या गीताची गरज नाही.

शब्द बरोबर निवडूनही गीत फसते ते चालीमुळे. आपल्या पुस्तकांत पाश्चात्त्य चालींवर बसवलेली पुष्कळ गीते आहेत. त्यांतली काही सुंदर उतरली आहेत. काहींत मात्र ऱ्हस्व अक्षर चार मात्रा ताणावे लागते आणि महत्त्वाच्या शब्दाच्या मध्येच श्वास तुटतो. उपदेशानंतर लोकांना शब्द हवे असतात, म्हणून तिथे शब्द सरळ कानात जाणारी चाल घ्यावी. अभंगात ही सोय मोठी आहे. रचना अभंगाची असली की एका अभंगाची चाल दुसऱ्याला बहुधा लागते. शब्द अगदी नेमके आहेत पण रूढ चाल फार नाचरी आहे, असे झाले तर चाल बदलावी, गीत सोडू नये. नुसता ठेका बदलूनही काम होते: केहरवा द्रुत लयीतून मध्य लयीत आणला किंवा तबला पहिल्या कडव्याला थांबवला, की तेच गीत वेगळे बोलू लागते.

पट्टीचे भान ठेवावे. क्वायरला उंच पट्टी खुलते, मंडळीला नाही. सकाळी आठच्या भक्तीत तर आवाज उठलेलेही नसतात. माझ्या अनुभवात काळी एकमध्ये गीत तार षड्जापर्यंत गेले तर बहुतेक जण पोचतात. तार गंधाराला गेले की पुरुषांची अर्धी बाजू ओठ मिटते. उपदेशाचे उत्तर मंडळीने द्यायचे आहे, क्वायरने तिच्या वतीने नव्हे. म्हणून या गीताला ध्वनिक्षेपक थोडे उतरवावेत; माणसाला शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला की तो स्वतः गातो. आणि ‘आमेन’नंतर लगेच पेटीवर अख्ख्या कडव्याचा वादनतुकडा वाजवू नये. दोन श्वास जाऊ द्यावेत, शेवटची ओळ एकदा वाजवावी आणि गायला सुरुवात करावी. गीताचा अर्थ सांगणारे निवेदनही नको. पाळकांनी अर्धा तास जे सांगितले त्यावर पुन्हा पाच वाक्ये बोलण्याची गरज नसते.

उपदेशानंतर नवे गीत कधीही घेऊ नये. चाल शोधणारा माणूस देवाशी बोलू शकत नाही. नवे गीत लागणारच असेल तर आधीचे दोन-तीन रविवार भक्ती सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे शिकवावे, मग अर्पणाच्या वेळी क्वायरने गावे आणि मंडळीच्या ओठांवर बसले की मगच उपदेशानंतर घ्यावे. तरुण संघाची नवी गीते आणि वडीलधाऱ्यांची जुनी, यावरून मंडळ्यांत रुसवेफुगवे होतात. तिथेही हाच प्रश्न दोन्ही बाजूंना विचारावा: या रविवारच्या उपदेशाचे उत्तर या शब्दांत आहे का? गिटारवर गायलेले एखादे चार ओळींचे हिंदी पद कधी कधी त्या दिवशी नेमके बसते, आणि कधी टिळकांच्या अभंगाला पर्याय नसतो. गीताचे वय हा निवडीचा निकष होऊ नये. तरुणांना शास्त्रभाग आठवडाभर आधी देऊन ‘यावर काय गाऊ या?’ असे विचारले तर ती मुले मोठ्यांपेक्षा बारकाईने शब्द वाचतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

शेवटी एक वही ठेवावी. तारीख, शास्त्रभाग, पाळकांनी सांगितलेली मागणी, गीतांचे क्रमांक आणि कोणती कडवी घेतली, एवढे दर रविवारी भक्तीनंतर लिहावे. शेजारी दोन शब्द आणखी: मंडळी गायली की गप्प राहिली, पट्टी जड गेली का, शांतता पुरेशी होती का. वर्षभरात कोणती गीते दहादा झाली आणि कोणती एकदाही नाहीत हे या वहीतून दिसते. विलापाची, न्यायाची, समेटाची गीते त्या दुसऱ्या यादीत सापडली तर पुढच्या वर्षी आधी ती शिकवायला घ्यावीत. वहीची एक प्रत पाळकांकडेही असावी. तीन वर्षांनी तोच शास्त्रभाग पुन्हा येईल, कदाचित पाळक बदललेले असतील, पेटीवर दुसरे कोणी असेल. त्यांना सुरुवात कोऱ्या पानावरून करावी लागणार नाही.